वहिनीची रोजची चूक

माझ्या वहिनीचं तोंड दिवसात एकदाच बंद असतं, कापडावर कातरी चालते तेव्हा. एरवी ती बोलत असते, आणि जे बोलते त्यातलं निम्मं खरं असतं आणि उरलेलं निम्मं ऐकायला त्याहून बरं असतं. मी तिची नणंद. नणंदेनं वहिनीचं कौतुक करणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरतात त्यांना सांगायला नको. पुढे मी तिला बरीच नावं ठेवणार आहे, म्हणून कौतुक आधीच उरकून घेते: कपडा बेतण्यात तिचा हात धरणारं मी अजून कुणी पाहिलेलं नाही.

बेतणं आणि शिवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिनं आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आता आमची आईही पाहुण्यांना ऐकवते. शिवताना चुकलं तर उसवता येतं. बेतताना कातरी एकदा फिरली की फिरली. वहिनी कित्येक वर्षं आमच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात बेतायची. दुकान होतं एका आजींचं. आजींना दिसायचं कमी आणि दुपारभर त्या खुर्चीत डुलक्या घ्यायच्या, त्यामुळे वहिनीच्या कामात नाक खुपसणारं तिथे कुणीच नव्हतं. ती त्या दुकानाची राणी होती. पण राणीला दुकान लहान वाटायला लागलं.

गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात नमुने करायला माणूस हवं होतं. वहिनी भेटायला गेली आणि परत आली ती जमिनीवर पाय न ठेवता. कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला एक खोली दाखवली होती. मोठी खिडकी, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब टेबल, आणि दाराला कुलूप. उमेदवारीचे महिने नीट पार पडले की ही खोली तुमची, किल्लीसुद्धा तुमची, असं त्या म्हणाल्या. वहिनीनं त्या खोलीचं वर्णन आठवडाभर केलं. दादाशी लग्न ठरलं तेव्हा तिनं दादाचं एवढं वर्णन केलं नसेल, असं मी म्हटलं, तर दादा म्हणाला, "माझ्यात वर्णन करण्यासारखं काय आहे?" विषय तिथेच संपला.

जुन्या दुकानातून निघताना वहिनी गप्प निघाली असती तर ती वहिनी कसली. तिनं आजींना आणि दोन गिऱ्हाइकांना उभ्या उभ्या भाषण दिलं की आता ह्या हातांना मोठं काम मिळणार आहे. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या भाचीला तिच्या जागी बसवलं. म्हणजे परतीचे दोर वहिनीनं आपल्याच कातरीनं कापले होते. आता ती खोली मिळणार, नाहीतर मान खाली घालून घरी बसणं, तिसरा रस्ता उरला नव्हता.

पहिल्या दिवशी खोलीला कुलूपच होतं. वहिनीला दालनाच्या मध्यावर एक टेबल दिलं, चहूबाजूंनी मशिनींचा खडखडाट, आणि टेबलामागे एक खुर्ची. वहिनीला वाटलं खुर्ची तिच्यासाठी. ती बसायला गेली तर एक सडपातळ, कडक इस्त्रीचा माणूस हळूच म्हणाला, "जरा थांबा. ती माझी आहे."

हे तिथले साहेब. नमुना कसा असावा हे ठरवणारे, आणि नमुना करणाऱ्यावर नजर ठेवणारे. बूट रबरी तळव्याचे, त्यामुळे कधी मागे येऊन उभे राहिले ते कळायचं नाही. चष्मा कपाळावर, तो खाली आला की समजायचं आता काहीतरी सापडणार. वहिनीनं पहिल्याच संध्याकाळी त्यांचं नाव सावली ठेवलं. आमच्या घरात मग तेच नाव चाललं.

साहेब ओरडत नसत, हे सगळ्यात वाईट. ओरडणाऱ्या माणसावर उलटं ओरडता येतं. हे आपले "जरा थांबा" एवढंच म्हणायचे, इतक्या मऊ आवाजात की भांडणाला धरायला टोकच सापडायचं नाही. खडूनं रेघ मारण्याआधी खडूचं टोक त्यांना दाखवायचं. टाचण्यांची डोकी सगळी एकाच दिशेला हवीत. कातरी टेबलावर ठेवताना पाती खिडकीकडे. हात धुवायला जाताना सांगून जायचं, "म्हणजे तुम्ही कुठे आहात ते मला माहीत असेल." एकदा तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही कापताना श्वास फार मोठ्यानं घेता." त्या रात्री वहिनी जेवता जेवता तीनदा म्हणाली, "आता श्वासही बेतून घ्यायचा का?"

कारखान्यात एक नियम होता आणि त्याला कुणी हात लावत नसे. साहेबांनी नमुना पास केला की त्याला स्वतःच्या हातानं हिरवी फीत बांधायची. फीत बांधलेला नमुना दालनात टांगला की तो कायदा. त्यात जसं असेल तसंच शिवायचं, विचारायचं नाही. पूर्वी कधीतरी एका शिंप्यानं आपल्या मनानं कॉलर थोडी रुंद केली होती, तेव्हापासून साहेब सगळ्यांना बजावत, "डोकं मी वापरतो, तुम्ही हात वापरा." शिंपी हे इतकं पाळायचे की साहेब रजेवर असले तर दिवा लावायचा की नाही ह्यावरही चर्चा व्हायची.

ह्या सगळ्याचा ताप आम्हाला झाला. दिवसभर तिच्या मागे कुणी उभं राहिलेलं असायचं, आणि संध्याकाळी ती आमच्या मागे येऊन उभी राहायची. मी चादरीची घडी घालत होते तर मागून आवाज, "जरा थांबा. कोपऱ्याला कोपरा." मी म्हटलं, "वहिनी, ही चादर आहे, गणवेश नाही." त्यावर तिनं चादर माझ्या हातून घेऊन पुन्हा घडी घातली. दादाला ती चमचा कसा धरायचा ते सांगू लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई मात्र खूश होती. डबा पुसून ठेव, झाकण घट्ट लाव, असं ती आम्हाला आयुष्यभर सांगत आली होती आणि आम्ही एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडत होतो. आता तिला जोडीदारीण मिळाली.

"बघणारा कुणीतरी असलेला बराच असतो," आई म्हणाली. "तुझे साहेब मला शहाणे वाटतात."

"आई, मग तुम्हीच जा उद्या माझ्या जागी," वहिनी म्हणाली. "तुमचं आणि त्यांचं छान जमेल."

खरं तर ती रडवेली झाली होती. एका साध्या बाहीचा नमुना साहेबांनी तिच्याकडून चार वेळा करून घेतला होता आणि चौथा पहिल्यासारखाच झाला होता. मालकीणबाईंना ते म्हणे म्हणाले होते की नव्या बाईंना अजून वेळ लागेल. म्हणजे खोली लांब चालली होती. "मला बेतता येत नाही का हो?" असं तिनं दादाला विचारलं, आणि ते ऐकून मला त्या सावलीच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

माझा दादा न्हावी आहे. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकायचं असतं म्हणून घरी तो फारसं बोलत नाही. त्या दिवशी त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"आमच्याकडे एक येतो," तो म्हणाला. "कितीही नीट कापले तरी आरशात बघून म्हणतो, इथे थोडं, तिथे थोडं. मग पुन्हा कापा, पुन्हा कापा. शेवटी डोकं बिघडतं."

"मग?"

"मग मी कानाच्या वर एक बट मुद्दाम ठेवतो. त्याला ती दिसते. तो म्हणतो, ही राहिली. मी म्हणतो, अरे हो, बरं झालं सांगितलंत. ती कापतो. तो खूश होऊन जातो. बाकीच्या डोक्याकडे बघतसुद्धा नाही."

एवढं बोलून त्यानं घास उचलला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडे इतकं टक लावून पाहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नमुन्याच्या कॉलरमागे दोऱ्याचं एक शेपूट सोडलं. साहेबांचा चष्मा खाली आला, शेपूट सापडलं, खिशातली चिमुकली कातरी निघाली, कच्च. "जरा लक्ष ठेवत जा," ते म्हणाले, आणि फीत बांधली. बाही, गळा, काखेचा आकार, कशालाही हात लावला नाही. वहिनी त्या दिवशी घरी आली ती गुणगुणत.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी जेवताना उद्या काय ठेवायचं ह्याची बैठक बसायची. वहिनीनं त्याला शास्त्र करून टाकलं. चूक फार लहान असेल तर साहेबांना सापडत नाही आणि ते बाकी सगळं उकरायला बसतात. फार मोठी असेल तर आपण मठ्ठ ठरतो. आणि एकदा केलेली चूक पुन्हा करायची नाही, हा तिचा हट्ट. "तीच चूक दोनदा केली तर माझी काय अब्रू राहील?" ती म्हणायची. मुद्दाम केलेल्या चुकीतही तिला अब्रू हवी होती. मी एक काज थोडं तिरकं सुचवलं, ते चाललं. दादानं इस्त्रीची दुमड सुचवली, तीही चालली. पण सगळ्यांवर कडी केली आईनं. साहेब शहाणे वाटतात म्हणणारी आमची आई चुका सुचवण्यात इतकी तरबेज निघाली की तिनं आयुष्यभर स्वतःला आवरून धरलं होतं की काय, अशी शंका यावी. पांढऱ्या सदऱ्याला पाठीमागून एकच बटण काळ्या दोऱ्यानं लाव, ही कल्पना तिची. साहेबांनी ते शोधलं तेव्हा त्यांचा चेहरा म्हणे उजळला होता.

आणि माणूस बदलला. खुर्ची हळूहळू टेबलापासून लांब गेली. खडूचं टोक बघणं थांबलं. एकदा त्यांनी वहिनीला विचारलं, चहा घेतलात का, आणि कसा प्यायचा ते सांगितलं नाही. मालकीणबाईंसमोर ते म्हणाले, "ह्या बाईंना एकदा दाखवलं की त्या पुन्हा तिथे चुकत नाहीत." वहिनी ते सांगताना हसून हसून लोळली. आम्हीही हसलो. उमेदवारी संपत आली होती आणि खोली आता हाताच्या अंतरावर होती.

तेवढ्यात पांढऱ्या कोटांचं काम आलं. एका मोठ्या इस्पितळातल्या सगळ्या डॉक्टरांचे कोट. घाई होती. नमुना संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनीची रजा होती, कारण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या रात्री बैठक बसली, पण कुणालाच काही सुचेना. सगळ्या चुका वापरून झाल्या होत्या.

"खिसा उलटा लाव," आई म्हणाली. तिला डोळ्याच्या काळजीनं काही गोड लागत नव्हतं, ती अशीच वैतागून बोलली.

आम्ही हसलो. पण वहिनी विचारात पडली. "नाहीतरी मी तिथे नसणार," ती म्हणाली. "मोठी चूकच बरी. सकाळी आल्या आल्या दिसेल, दोन टिपा उसवल्या की काम झालं, बाकीच्या कोटाला हात लागणार नाही." आणि तिनं तसंच केलं. छातीवरचा खिसा, तोंड खाली, तळ वर. असा खिसा की ज्यात ठेवलेली वस्तू थेट जमिनीवर. कोट साहेबांच्या टेबलावर ठेवून ती घरी आली.

आईचं ऑपरेशन छान झालं. वहिनीनं चार दिवस तिच्या डोळ्यात औषध घातलं. आई पडल्या पडल्या तिला सांगायची, थेंब जरा उजवीकडून, आणि वहिनी दात आवळून हो म्हणायची.

रजा संपवून ती कारखान्यात गेली तर दालन पांढरं झालं होतं. कोटांचे ढीग लागले होते. तिनं पहिला उचलला. खिसा उलटा. दुसरा उचलला. उलटा. वर बघते तर तिचा नमुना टांगलेला, आणि त्याला हिरवी फीत, छान गाठ मारून.

ती शिंप्यांतल्या सगळ्यात थोरल्या मास्तरांकडे धावली. ते शांतपणे एक उलटा खिसा शिवत होते.

"मास्तर, हे काय?"

"खिसा," मास्तर म्हणाले.

"तो उलटा आहे ना!"

"हो ना. पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. मग आमच्यात बोलणं झालं." ते म्हणाले, आणि मशीन थांबवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. इस्पितळाचं काम आहे, तेव्हा खिशात धूळ आणि जंतू साठू नयेत म्हणून तोंड खाली ठेवलं असणार. हे काज करणाऱ्या बाईंचं मत. इस्त्रीवाल्याचं म्हणणं असं पडलं की डॉक्टर लोक एकमेकांची पेनं ढापतात, त्यावर हा उपाय असावा. मास्तरांचं स्वतःचं मत होतं की ही नवी फॅशन आहे. "तशी ती मला पटली नाही," ते म्हणाले, "पण फीत होती."

तोवर साहेब आले. चेहऱ्यावर हसू. वहिनी म्हणते, ते हसू तिनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "इतके महिने मी तुमचं काम बघतोय. दर वेळी चूक निघाली, पण एकदा दाखवलेली चूक पुन्हा कधी निघाली नाही. मी इतक्या लोकांना शिकवलं, असं कुणी शिकलं नव्हतं. त्या सकाळी तुमचा कोट टेबलावर बघितला आणि घडीसुद्धा उलगडली नाही. म्हटलं, ह्यांच्या सगळ्या चुका आता संपल्या, कोट शिवतानाही बघायची गरज नाही. न बघता फीत बांधली. आयुष्यात पहिल्यांदा."

वहिनीच्या तोंडून शब्द फुटेना. आमच्या वहिनीच्या. तिनं नुसतं टांगलेल्या नमुन्याकडे बोट केलं. चष्मा कपाळावरून खाली आला.

त्याच वेळी मालकीणबाई दालनात शिरल्या, आणि त्यांच्याबरोबर इस्पितळातले एक वयस्कर डॉक्टर. ते कोट बघायला आले होते. त्यांनी एक कोट हौसेनं अंगात घातला, आपलं पेन काढलं आणि सवयीनं खिशात टाकलं. पेन जमिनीवर पडलं. ते वाकले, पेन उचललं, पुन्हा टाकलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी टाकताना खाली बघितलं, आणि मग मालकीणबाईंकडे बघितलं. मशिनी एकेक करून थांबल्या.

"ही फीत कुणी बांधली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले.

"आणि हे दिसलं नाही तुम्हाला? तुम्हाला?"

"मी बघितलं नाही. न बघता बांधली. चूक माझी आहे."

एवढंच. वहिनीचं नाव त्यांनी घेतलं नाही. ज्या माणसानं तिला टाचणीच्या डोक्यावरून टोकलं होतं त्यानं एवढ्या मोठ्या गोष्टीत तिच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. मालकीणबाई वहिनीला म्हणाल्या, "तुम्ही तर रजेवर होतात ना?" ही सुटायची वाट होती. हो म्हणायचं, की संपलं. मालकीणबाईंच्या खांद्यामागे ती खोली दिसत होती, कुलपासकट.

वहिनीनं आम्हाला खरं सांगितलं, ती क्षणभर हो म्हणणार होती. मी तिच्या जागी असते तर म्हणून मोकळी झाले असते.

"खिसा मी उलटा लावला," वहिनी म्हणाली. "मुद्दाम. साहेबांना काहीतरी सापडावं म्हणून. सापडलं की ते बाकीचं बघत नाहीत."

साहेब तिच्याकडे वळले.

"तो कॉलरमागचा दोरा?"

"तोही."

"तिरकं काज?"

"ते नणंदेनं सुचवलं होतं."

"काळ्या दोऱ्याचं बटण?"

"ते सासूबाईंनी."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. साहेब मशिनीसमोरच्या एका स्टुलावर बसले. "मी घरी सांगायचो," ते म्हणाले. "रोज. आज काय सापडलं ते."

हे वहिनीनं आम्हाला सांगितलं तेव्हा मला स्वतःचा राग आला. त्या माणसाला मी काय काय म्हटलं होतं. तोही संध्याकाळी जेवायला बसत होता, आणि ज्या चुकांवर आम्ही आमच्या ताटांवर बसून हसत होतो, त्याच चुका तो आपल्या घरी मोठ्या अभिमानानं सांगत होता. आईनं तर डोळ्यावरची पट्टी सावरत म्हटलं, "मी उद्या येऊन त्यांची माफी मागते." तिला आवरता आवरता आमच्या नाकी नऊ आले.

मालकीणबाईंनी निकाल तिथल्या तिथे दिला. सगळे खिसे उसवायचे, आणि साहेबांनी आणि वहिनीनं सगळ्यांबरोबर बसून उसवायचे. वहिनीची उमेदवारी आणखी वाढली. खोली बंदच राहिली. मग त्या शिंप्यांकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही का. तेव्हा थोरले मास्तर पुन्हा म्हणाले, फीत होती. ह्यावर साहेबांनी मान खाली घातली.

ते दोघं शेजारी शेजारी बसून खिसे उसवत राहिले. वहिनी माफी मागायला गेली की साहेब पुढचा कोट ओढून घ्यायचे. काम संपल्यावर ती आपल्या टेबलाशी परतली तर मागची खुर्ची नव्हती. तिच्यामागे आता कुणी उभं राहत नव्हतं. तिचे नमुने साहेब घ्यायचे, दुरून एक नजर टाकायचे आणि फीत बांधायचे. शिंप्यांना मात्र त्यांनी सांगून टाकलं की फीत असली तरी खटकलं तर विचारा. पहिले काही दिवस शिंप्यांनी इतकं विचारलं की साहेबांना पळता भुई थोडी झाली.

आणि मग एका सकाळी वहिनी कामावर गेली तर तिच्या टेबलावर किल्ली होती, आणि हिरव्या फितीचं रीळ. साहेब समोर उभे. "मालकीणबाईंशी बोललोय," ते म्हणाले. "खोली तुमची. फीतही आता तुम्हीच बांधा. मी आत येणार नाही."

आणि ते खरंच आले नाहीत.

आता ह्या बाईला सुखानं राहायला काय हरकत होती? मोठी खिडकी मिळाली, लांब टेबल मिळालं, मागे कुणी नाही, श्वास हवा तेवढा मोठ्यानं घ्या. पण वहिनीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. नमुना तयार झाला की ती फीत हातात घेऊन बसायची आणि गाठ मारायला हात धजत नसे. उलगडून बघायची, पुन्हा मोजायची, पुन्हा घडी घालायची. नमुने पिशवीत घालून घरी आणायला लागली. आईला नव्या डोळ्यानं बघायला लावायची, मला अंगात घालून फिरायला लावायची. मी वैतागून म्हटलं, "वहिनी, आम्हाला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. ज्याला कळतं त्याला दाखव ना."

"कोणत्या तोंडानं दाखवू?" ती म्हणाली.

"आहे त्याच," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती एका हॉटेलच्या दरवानाचा कोट घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेली. "बघता का जरा?" म्हणाली.

साहेबांनी कोटाला हात लावला नाही. "काय ठेवलंय ह्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. शप्पथ. नुसतं बघा."

त्यांचा विश्वास बसला नाही हे तिला दिसलं, आणि बसावा तरी का. पण चष्मा खाली आला. त्यांनी कोट उलगडला, टांगला, चारी बाजूंनी फिरून पाहिला, आतून पाहिला, अस्तर चाचपलं. ती तिथे, ती म्हणते, परीक्षेला आल्यासारखी उभी होती. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "जरा थांबा. डावी बाही थोडी मागे गेलीये."

"नाही गेली," वहिनी म्हणाली.

त्यांनी टेप पुढे केला. तिनं स्वतः मोजलं, मग दुसऱ्यांदा मोजलं. बाही मागे गेली होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि पिशवी कोपऱ्यात आपटली. आईनं विचारलं, काय झालं.

"साहेबांना चूक सापडली."

"मग बरं झालं की," आई म्हणाली. तिचे डोळे चमकले. "कोणती ठेवली होतीस?"

"ठेवली नव्हती," वहिनी म्हणाली.

मग तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदराला पुसलं आणि पिशवीतून कोट काढून बाही उसवायला घेतली. उद्या पुन्हा दाखवणार आहे म्हणाली, आणि ह्या वेळी त्यांना काय सापडतं ते बघतेच.